वायरबुवाने वगळलेली ओळ

त्यांची पहिली भेट झाली ती तिच्या पडण्यानं. ऑफिसच्या व्हरांड्यात तो वायर टाकत होता, ती नकाशांची गुंडाळी छातीशी धरून घाईघाईनं निघाली होती, आणि पुढच्याच क्षणी गुंडाळी एकीकडे, ती दुसरीकडे! धावत येऊन त्या शहाण्यानं आधी विचारलं काय, तर "वायर निघाली का?" मग स्वतःच्याच बोलण्यानं तो असा काही ओशाळला, की पाय ठणकत असतानाही तिला हसू फुटलं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर चढलं आणि घरी बसून नकाशे काढायची वेळ आली. पण नकाशे होते ऑफिसच्या आतल्या सर्व्हरवर, आणि तो बाहेरच्या कुणाला दाद देत नव्हता. दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारा तो, सगळे ज्याला वायरबुवा म्हणायचे, तोच बोलत होता.

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरपासून आमच्या दारावरच्या मशीनपर्यंत एक बोगदा काढायचाय. एसएसएचचा, म्हणजे बाहेरच्या कुणाला आत डोकावता येणार नाही असा."

"आणि त्यातून मी लंगडत यायचं?"

"तुम्ही नाही... नकाशे येतील. तुमच्याकडचा एक पोर्ट, म्हणजे खिडकी समजा, ती थेट आतल्या सर्व्हरवर उघडेल. मी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहून पाठवलीय. तुम्ही फक्त चालवायची."

स्क्रिप्ट चालली आणि नकाशे अलगद पडद्यावर आले. पण गंमत अशी, की ती जरा हनुवटीला हात लावून रेघांकडे बघत बसली, की बोगदा बंद! मग तिचा फोन जायचा आणि पहिल्या रिंगलाच उचलला जायचा.

"पुन्हा तुटला."

"अरेरे," तो म्हणायचा, आणि त्या अरेरेत दुःख काही सापडायचं नाही.

स्क्रिप्ट पुन्हा चालवायला कितीसा वेळ लागतो? पण फोन लांबायचा. तिच्या खिडकीतून काय दिसतं, तो जेवला का, टेकड्यांना हिरवा रंग द्यावा की तपकिरी... त्याला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो मत द्यायचा.

"त्या वायरवाल्याला एकदाच काय ते नीट करून द्यायला सांग," आई म्हणाली. "आणि तू गालातल्या गालात हसतेस कशाला?"

कशाला म्हणजे? ती त्याच्या प्रेमात पडली होती. पडायची आता सवयच झाली होती म्हणा! पण मनात एक शंका घर करून होती. हा इतक्या मायेनं बोलतो, तो केवळ आपल्या वायरीत अडकून हिचा पाय मोडला म्हणून तर नाही? पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघणार होतं. ती चालायला लागली, की त्याच्या मनावरचं ओझं उतरणार आणि फोनही थांबणार. विचारायचं तरी कसं?

अशात ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी बोलणं झालं. बाळ लहान म्हणून तीही घरूनच काम करत होती.

"माझा बोगदा दिवसभर तुटत नाही गं! स्क्रिप्ट त्यानंच तर दिलीय."

तिनं ती मागवून घेतली आणि आपल्या स्क्रिप्टशेजारी ठेवली. दोन्ही अगदी सारख्या... फक्त तिच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ कमी. काम थांबलेलं असलं तरी दर मिनिटाला पलीकडे छोटासा संकेत पाठवत राहायचं, एवढंच सांगणारी. ती ओळ असली, की कुणी वापरत नाही असं समजून बोगदा बंद केला जात नाही.

विसरला असेल? एकेका वायरीला नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवणारा माणूस? आणि मनाला टोचणी लागलेला माणूस तर काम चोख करून मोकळा होतो. यानं ते मुद्दाम कच्चं ठेवलं होतं. तिचे कान गरम झाले. थोडा रागही आला, कारण परवाच अर्धी काढलेली नदी पुसली गेली होती.

तिनं ती ओळ आपल्या स्क्रिप्टमध्ये घातली. बोगदा दिवसभर ठणठणीत चालला, फोन मुका राहिला आणि तिला घर खायला उठलं. संध्याकाळी तिनं आपल्या हातानं बोगदा बंद केला आणि नंबर लावला.

"तुटला?" केवढ्या आशेनं विचारलं त्यानं!

"नाही. मीच बंद केला. मैत्रिणीच्या स्क्रिप्टमधली एक ओळ माझ्यात घातली होती."

"मी... विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

"माझी अर्धी नदी गेली त्यापायी!"

"चुकलंच माझं. पण तुटल्याशिवाय तुम्ही फोन करणार नाही, असं वाटलं."

"माझा पाय मोडला म्हणून वाईट वाटत होतं ना तुम्हाला?"

"पहिल्या आठवड्यात वाटलं. नंतर... प्लास्टर निघणार, याचं वाटायला लागलं."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. "मग सरळ फोन करायचा!"

"उचलला असता?"

"पहिल्या आठवड्यात? मुळीच नाही."

"आणि आता?"

"करून बघा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

लगेच वाजला. तिनं तो वाजू दिला.

"अगं उचल की!" स्वयंपाकघरातून आई ओरडली.

तिनं उचलला. "बोला."

"काही तुटलेलं नाहीये," तो एका दमात म्हणाला. "तुम्ही मला फार आवडता, म्हणून फोन केलाय."

तिनं प्लास्टरचा पाय उशीवर नीट ठेवला आणि मागे टेकून बसली.

"हं," ती म्हणाली. "आता तेच सावकाश सांगा. मला काही घाई नाहीये."