अळीचे तांदूळ

"किडलेला तांदूळ आहे का?"

पौडच्या बाजारात नबीलालच्या दुकानी असं गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं. गल्ल्यावर तेव्हा त्याची लेक फहमिदा होती. तिचा पारा चढला.

"आमच्याकडं किडका माल न्हाई मिळत!"

"मग कुठं मिळेल हो?" त्यानं इतक्या काकुळतीनं विचारलं, की तिला हसूच फुटलं.

तो इस्माईल. पुण्याला शेतकीचं शिकत होता आणि मुळशीच्या भातावर जगणाऱ्या पतंगांच्या जाती ओळखून त्यांची वर्गवारी लावत होता. कोळवणच्या खाचरांतले मिळाले होते, साठवणीतले हवे होते. फहमिदानं कोपऱ्यातल्या पोत्यातला जाळी धरलेला आंबेमोहोर काढून दिला. अळीवरून जात कळत नाही, पतंग बाहेर यावा लागतो. म्हणून तीन बरण्या दुकानामागच्या तिच्याच घरी राहिल्या आणि दर शुक्रवारी त्याची एसटी पौडला थांबू लागली.

"तोंडाशी सोंडेसारखं टोक दिसतंय?" तो भिंग धरून सांगायचा. "आणि यांचे कान पोटाला असतात. खाचरातल्यांच्या कानाची डबी उघडी, दुकानातल्यांची मिटलेली. त्यावरून घराणी वेगळी."

"मी दुकानातलीच," ती भिंगावरून डोळा न काढता म्हणाली. "मिटलेली."

"म्हणजे मला ओरडून सांगावं लागणार—"

"काय?"

तो लालबुंद झाला. "या महिन्यात प्रबंध दिला की नोकरी पक्की आहे. मग... आईला तुझ्या अब्बांकडे पाठवू?"

"व्हय," ती म्हणाली, आणि त्या दिवशी एका बाईला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

पण अब्बांनी आधीच बोलावलेले पाहुणे पुढच्याच बुधवारी भोरहून तिला बघायला यायचे होते. फहमिदा बांगड्या भरायला गेली, तेवढ्यात तिच्या आईनं, गुलशननं, घर लखलखीत केलं. फडताळात बरण्या सापडल्या. पाहुणे येणार आणि घरात अळीचे तांदूळ? तिनं ते उन्हात घातले, चाळले, निवडले, तीन पाण्यांनी धुतले. बाई हाताची फार स्वच्छ. तिला बोल तरी कसा लावायचा?

शुक्रवारी इस्माईल आला, तेव्हा बरण्या घासून पालथ्या घातलेल्या होत्या.

"मी घरात नव्हते वो..." फहमिदाला हुंदका आवरेना. आईनं काय केलं ते तिनं सांगितलं.

तो पोत्यावर बसला. नव्यानं सुरुवात म्हणजे आणखी एक हंगाम. "तोवर थांबशील?"

"अब्बांनी जबान दिली. मी म्हनले, पुन्याचा एक हाय. ते म्हनले, नोकरी हाय का त्याला? मग मी काय सांगू?"

पतंग गेले त्याचं त्याला काहीच वाटेना, ही चालली होती त्यानं तो कोसळला होता. त्यानं विचारलं, "निवडलेले तांदूळ... टाकले कुठं?"

"टाकले न्हाईत," ती खाली मान घालून म्हणाली. "पाहुन्यांना पुलाव केला. लई आवडला त्यांना. ताटावरच पसंती दिली."