दोन दारांमधली अंगतपंगत

मैत्रीचं मनगट लालभडक झालं होतं. सकाळी साबण लावून तिने ते इतकं घासलं होतं, की कातडी निघायचीच काय ती बाकी होती.

"पिवळं जातच नाहीये, आई."

"रंग पट्ट्याचा आहे राणी, तुझा नाही." प्रज्ञा हे या आठवड्यात चौथ्यांदा सांगत होती.

अकोल्यातल्या त्या बालवाडीला आता दोन दारं होती. मागच्या वर्षीच्या तापाच्या साथीनंतर तिथे यंत्र बसलं. मुलाने जिभेवर काडी फिरवायची आणि यंत्रात खुपसायची. लाळेतल्या सूक्ष्मजीवांचा ठसा वाचून यंत्र मनगटावरच्या पट्ट्याला निळा किंवा पिवळा रंग देई आणि त्याच रंगाचं दार उघडे. सारख्या ठशाची मुलं एकत्र बसली की आजार कमी पसरतात, असं माहितीपत्रकात छापलं होतं. निळ्यांना बाग होती, पिवळ्यांना मागची पत्र्याची खोली. त्या खोलीत नाल्यापलीकडच्या वस्तीतली झाडून सगळी मुलं कशी काय जमली, ते मात्र पत्रकात नव्हतं.

प्रज्ञा दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत जंतूच तपासायची. त्यामुळे तिला जास्तच संताप यायचा.

"मॅडम, तोंडातले जंतू घरच्या पाण्यावर, जेवणावर ठरतात. मुलं पंधरा दिवस एकमेकांच्या डब्यातलं जेवली तर ठसे मिसळतील. यात आजार कुठे आला?"

"यंत्राला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, प्रज्ञाताई," संचालिका दाणी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नियम मोडला तर प्रवेश रद्द. सही केलीय तुम्ही."

फाटकाशी इराची आई शाल्मली भेटली. इरा निळी. गेल्या वर्षापर्यंत मैत्रीला चिकटलेली असायची.

"तू उगाच मनाला लावून घेतेस गं. मशीनला काय कळतंय जात नि पात?"

"मशीनला नसेल कळत. माझ्या चार वर्षांच्या पोरीला कळायला लागलंय."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने रजा टाकली. मधल्या सुट्टीत दोन दारांच्या बरोबर मधे, व्हरांड्यात, तिने सतरंजी पसरली आणि मैत्रीचा डबा उघडला. "आज अंगतपंगत! कुणाला हवी ज्वारीची भाकरी?"

"कांताबाई, ती सतरंजी उचला," आतून दाणी मॅडमचा आवाज आला.

कांताबाई इथल्या आया. दोन्ही खोल्यांतल्या पोरांची नाकं पुसणाऱ्या. "गुडघे धरलेत मॅडम, वाकवत नाही," म्हणाल्या, आणि सतरंजीवर फतकल मारून बसल्या. "आण गं तुकडा."

मग पिवळी पोरं आली. निळी दारातून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी इरा पळतच येऊन मैत्रीला खेटून बसली. तिचा विसरलेला डबा द्यायला आलेली शाल्मली धावली. "इरा, ऊठ आधी!"

"मला हिची मेथीची भाजी आवडते."

आतून दाणी मॅडम बघत होत्या. शाल्मलीने चपला काढल्या, वैतागून म्हणाली, "सरक गं जरा," आणि पिशवीतला लाडवांचा डबा काढला.

चौथ्या दिवशी पालकांना नोटिसा आल्या. प्रवेश का रद्द करू नये, आठ दिवसांत कळवा. कांताबाईंना वेगळी आली, नोकरीची. प्रज्ञा रजा वाढवून रोज सतरंजी आणत राहिली आणि एकेक करत बाकीची निळी मुलंही येऊन बसायला लागली. मैत्री आता मनगट घासत नव्हती, एवढंच प्रज्ञाच्या हाती होतं.

बाराव्या दिवशी सकाळी पट्टे लुकलुकायला लागले. निळा, पिवळा, पुन्हा निळा. एकतीस मुलं, एकतीस मनगटं. यंत्राने थोडा वेळ घरघर केली आणि दोन्ही दारं एकदम उघडली. मुलं हुर्रे करत बागेकडे धावली. कांताबाई हसता हसता खोकायला लागल्या.

दुपारी सगळ्या पालकांच्या फोनवर एकच निरोप आला.

'ठसा अस्पष्ट. अचूक गट ठरवण्यासाठी पुढील माहिती आजच भरावी. मुलाच्या आजोबांचं आडनाव. मूळ गाव. गावातला व्यवसाय.'

शाल्मलीने तो वाचला. बागेत इरा आणि मैत्री एकाच झोपाळ्यावर दाटीवाटीने बसल्या होत्या, मनगटं लुकलुकत होती. तिने पुन्हा फोनकडे बघितलं.

"प्रज्ञा," ती हळूच म्हणाली, "जंतूंना आडनाव कशाला लागतं गं?"