नैरोबीचा मुऱ्हाळी

एसटीत खिडकीची जागा सोडून हितेंद्रला काय मिळणार होतं? फार तर कोरडं 'थँक्यू', आणि धुळ्यापर्यंत उभ्या प्रवाशांचे धक्के. तरी सोडली. कारण जागा मागणारीच्या गालावर कापसाचा एक तंतू चिकटला होता, आणि ते तिला सांगावं की नाही... हे ठरेपर्यंत एरंडोल आलं.

ती मयुरी. जळगावच्या ठिबक सिंचनाच्या कंपनीत होती. दर सोमवारी धुळ्याकडची शेतं बघायला जायची. हा धुळ्याच्या कॉलेजात भूगोल शिकवणारा. रविवार जळगावच्या बहिणीकडे काढून परतणारा. तिच्या मोबाइलवर मुंबई ते नैरोबी विमान दिसलं, आणि मास्तरांना राहवेना.

"सहा तास! तेवढ्यात माझं जळगावला जाणं-येणं होतं. वर पारोळ्याला चहा."

"चहा धरलात हिशेबात. आणि समुद्र?"

"नकाशात तो बोटभरच असतो."

"विमानात बसलात कधी?"

"...बोटानेच."

ती हसली, आणि पुढचे सोमवार दोघांच्या नावावर जमा होत गेले.

पण कंपनी तिला दोन वर्षांसाठी नैरोबीला धाडणार होती. तिच्या वडिलांचा, तोताराम आबांचा, सवाल एकच : "आखाजीले तुले लेवाले कोन जाई?" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी असो की नैरोबीत, लेक माहेरी आलीच पाहिजे, आणि तिला आणायला मुऱ्हाळी गेलाच पाहिजे. मयुरीला भाऊ नव्हता. आबा तर डोक्यावरून विमान गेलं तरी जळगावच्या आपल्या केळीच्या बागेत खाली बसत.

तिने हे सांगितलं, तेव्हा हितेंद्र पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून म्हणाला, "मी येईन ना... मुऱ्हाळी."

मयुरी ओढणीत तोंड खुपसून इतकी हसली, की कंडक्टरने वळून पाहिलं.

"मास्तर, मुऱ्हाळी भाऊ असतो!"

"नाही — भाऊ नाही! म्हणजे मला..."

"मला काय?"

"आखाजी झाल्यावर परत न्यायला येतो ना... तो व्हायचंय."

तिचं हसू थांबलं. "पण मी जाणार आहे, हितेंद्र. तू इथे, मी तिथे. चालेल?"

"सहा तास तर आहेत," तो म्हणाला. आवाज मात्र त्या बोटभर समुद्रात बुडाला.

ती उठली, आणि खिडकीची जागा त्याला दिली.

माघात लग्न झालं, फाल्गुनात ती गेली. आखाजी जवळ आली तसा आबांनी कोणाला न विचारता पासपोर्ट काढला, आणि लेकीला आणायला स्वतःच निघाले.

मुंबईच्या विमानतळावर हितेंद्र पहाटेपासून उभा होता. आधी मयुरी दिसली, मागे सामानाच्या गाडीला लटकलेले पांढरेफटक आबा. त्याने धावत जाऊन तिची बॅग घेतली. बॅगेच्या पट्ट्यावर बोटांना बोटं जरा जास्तच वेळ अडकली...

आबा खाकरले. "जावईबापू, पोर आते माहेरनी शे. आखाजी व्हऊ द्या, मंग लेवाले या."

"तूच मागितलं होतंस ते काम," मयुरी हळूच म्हणाली.

रेल्वेत खिडकी आबांना, शेजार लेकीला. धुळ्याची गाडी धरायला चाळीसगावला हितेंद्र एकटाच उतरला.

आता हिशेब. विमानाची भीती आबांनी भरली, विरह मयुरीने निम्मा उचलला. उरलेलं सगळं निघालं हितेंद्रच्या नावावर : नैरोबीहून बायको सहा तासांत आली, पण जळगावहून धुळ्याला पोचायला तिला आठ दिवस लागणार होते.