आडव्या माणसाचं माप

आधीच सांगतो, हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलंय आणि शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. पटत नसेल तर सोडून द्या. पण "भास झाला असेल" असं मला ऐकवू नका, भास मला कळतो.

आणि भुताखेताचं सगळं रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनीही ऐका. हे सुरू झालं एका रविवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात. मामाच्या इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

मामा लिफ्टचा मेकॅनिक. कुणाची लिफ्ट अडकली की याचा फोन वाजणारच. जेवताना, झोपेत, कुणाच्या लग्नात, कुठेही. दोन दिवस निवांत कुठे जाणं मामा-मामीच्या नशिबातच नव्हतं.

मामी म्हणायची, "अहो, मला एकदाच अशा जागी झोपायचंय, जिथे तुमचा फोन लागत नाही. मग मेले तरी चालेल."

शेवटी मामाने मनावर घेतलं. गाडीमागे जोडून ओढत न्यायची झोपायची खोली बनवायची. पुढून गोल, मागे निमुळती, आत दोघं आडवी होतील एवढीच. विकत घ्यायची तर डोळे पांढरे व्हायचे. "आपला हात जगन्नाथ," मामा म्हणाला. पाण्याच्या थेंबासारखा आकार, म्हणून मामीने आधीच बारसं उरकलं. नाव ठेवलं थेंब.

अडचण एकच होती. मामाची गाडी म्हणजे काडेपेटी. जड काही मागे लावलं तर पहिल्याच चढावर मान टाकेल. म्हणून थेंब हलका हवा, हलका हवा, हाच जप. पातळ प्लाय, मधे फोम, वरून पातळ पत्रा. एकेक खिळा मारताना हा माणूस विचार करायचा.

"मलाही घरीच ठेवा, तेवढंच वजन वाचेल," मामी चिडवायची.

तर तो रविवार. थेंबाच्या तळाची प्लाय जमिनीवर अंथरली होती. झोपायला किती जागा लागेल हे बघायला मामाने मामीला तिच्यावर आडवं केलं. कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्याभोवती रेघ ओढली. डोक्यापासून पायापर्यंत, पूर्ण. मामीला गुदगुल्या होत होत्या. हसून हसून तिची पुरेवाट झाली.

मग मामा आडवा झाला आणि मामीने पेन्सिल घेतली. डोकं… खांदा… एक हात…

फोन वाजला.

अडकली कुठलीतरी लिफ्ट. मामा उठून निघाला. त्याची रेघ अर्धवटच राहिली.

दारात शेजारच्या शेडमधले सुतारकाका उभे होते. "आडव्या माणसाचं माप घेऊ नये रे. उभ्याचं घ्यावं."

"का हो काका?"

"ते मला काय माहीत? माझे वडील घेत नव्हते, म्हणून मी घेत नाही."

मामाने हसण्यावारी नेलं.

थेंब उभा राहिला. काय सुबक झाला होता! गाडीला जोडायचा पुढचा दांडा मामा एका हाताने उचलायचा आणि थेंब शेडभर फिरवायचा. आल्यागेल्याला बोलावून दाखवायचा. "बघा, एका हाताने!"

एका संध्याकाळी त्याने दांड्याला हात घातला…

हलेना.

दोन्ही हात लावले. कमरेत उसण भरली, पण दांडा तसूभरही उचलला गेला नाही. कुणी आत सामान कोंबलं की काय, म्हणून मामाने दार उघडलं. आत काहीच नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला.

कर्र…

झोपेत माणूस कूस बदलतो ना, तेव्हा पलंग वाजतो, तसा. थेंब रिकामा होता, दार उघडं होतं आणि मामा समोर उभा राहून बघत होता.

लाकूड आहे, वाजतं, अशी त्याने मनाची समजूत घातली.

घरी मामी भलतीच खुशीत. "काय हलकं वाटतंय हो! जिन्याने वर आले, धाप म्हणून लागली नाही."

मामाने तिच्याकडे निरखून पाहिलं. होती तशीच होती. गाल तेच, दंड तेच. पण "हलकं" हा शब्द त्याच्या कानाला कसातरीच लागला.

काही दिवसांनी ती बाहेरून आली ती फणफणत. "गावभर लिफ्ट दुरुस्त करत फिरता आणि घरची बिघडलेली! मी आत शिरले की दिवा बंद, पंखा बंद. अंधारात वर आले मी."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या लिफ्टच्या तळाखाली वजन ओळखायची सोय आहे. त्यानेच बसवलेली. आत माणूस असला की दिवा-पंखा चालू. आत कुणी नसलं की बंद.

तो जाऊन उभा राहिला. दिवा लागला. बाहेर आला, दिवा गेला. मग त्याने मामीला आत पाठवलं…

अंधार.

"बघा! म्हटलं नव्हतं बिघडलीय?" मामी आतून म्हणाली.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. सगळं ठीक. फक्त वजनकाट्यावर मामी उभी राहिली आणि काटा शून्यावरून हलला नाही. "आमचा काटा एकदा बदलायलाच हवा," डॉक्टर म्हणाले. मामीला हसू आलं. मामाला नाही आलं.

तो तडक शेडमध्ये गेला. थेंबात शिरून गादी उचलली.

मामीच्या रेघेच्या आतली प्लाय खाली दबली होती. वर्षानुवर्षं कुणी झोपलेलं असावं तशी. त्याने हात लावला…

कोमट होती.

शेजारची त्याची अर्धवट रेघ मात्र सपाट आणि थंड.

मामाने रेघ खोडरबराने घासली. मग पॉलिशपेपरने. वरचा थर गेला तरी खाली रेघ होतीच. शेवटी त्याने करवत घेतली. पहिला दात प्लायला लागला आणि खिशातला फोन वाजला.

मामी. "अहो, लवकर या… पायाला काहीतरी कापल्यासारखं होतंय…"

करवत हातातून गळून पडली.

तो सुतारकाकांकडे धावला. म्हातारा रडवेला झाला. "मी सांगितलं होतं रे. पण पुढचं मला खरंच ठाऊक नाही."

त्यानंतर मामीच्या पावलांचा आवाज येईनासा झाला. ती गादीवर बसली तर चादरीला सुरकुती पडायची नाही. थट्टा करायचीही थांबली. एका दुपारी तिने मामाचा हात धरला. धरलाय हे त्याला दिसलं म्हणून कळलं.

"अहो, मी झोपते इथे, पण जाग येते तिथे. थेंबात. शेजारची जागा रिकामी असते. तुम्हाला फोन लावते, तर लागत नाही." तिचे डोळे भरून आले. "फार एकटं वाटतं हो."

मामा लहान मुलासारखा रडला. खूप रडला. हे त्यानेच मला सांगितलं.

मग त्याने डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा फोन बंद करून टेबलावर ठेवला. पेन्सिल कानावर अडकवली आणि खाली गेला. थेंबातली गादी सारून आपल्या अर्ध्या रेघेत बरोबर आडवा झाला…

आणि उरलेली रेघ स्वतःच ओढली.

स्वतःभोवती रेघ ओढणं सोपं नसतं. वाकडीतिकडी आली. पण दोन टोकं जुळली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. नातेवाईक एवढंच सांगायचे की मामाने काम सोडलं, दोघं मजेत आहेत. परवा त्या बाजूला काम निघालं, म्हणून गेलो. खाली लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. आत अंधार होता. रिकामी असेल, म्हणून मी पाय ठेवला…

दिवा लागला.

आत मामा-मामी उभी होती. हातात हात घालून.

"अरे, तू! किती दिवसांनी!"

दोघं मला थेट शेडमध्ये घेऊन गेली. तिथे मामाने सगळी हकीकत सांगितली, सहलीची सांगावी तशी हसत हसत. बाजूला थेंब उभा होता. दार उघडं, आत कुणी नाही. तरी टायर चपटे होऊन तळ पार जमिनीला टेकला होता.

"दोन माणसांचं वजन आहे बाबा, टेकणारच," मामा म्हणाला.

"राहा ना आज," मामी म्हणाली. "दाटीवाटीने तिघं मावतात."

मामाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हात कानाकडे गेला. "केवढा उंच झालास रे. आडवा हो बघू जरा."

मी काहीतरी थाप मारून सटकलो.

तेव्हापासून झोप धड लागत नाही. मामाची भीती वाटते म्हणून नव्हे. त्याने असं काय वाईट केलं? पण दोघं इतकी सुखात दिसत होती… आणि तो "आडवा हो" म्हणाला ना, तेव्हा मी खरंच खाली बसलो होतो. बुटाची एक नाडी सोडूनही झाली होती.