वरची बाजू

प्रफुल्ल पहिली पाळी संपवून अंबडच्या कारखान्यातून घरी आला तेव्हा चार वाजत आले होते. उन्हानं जीव नकोसा झालेला. जेवणही नको, नुसतं आडवं व्हायचं, एवढाच त्याचा बेत. पण बाहेरच्या खोलीत तेजस्विनीवहिनी बसलेल्या दिसल्या आणि तो दारातच थबकला. त्यांचा नवरा, प्रफुल्लचा मित्र शेखर, जाऊन दीड महिना झाला होता.

"बसा, चहा टाकते," त्याची बायको आशा म्हणाली. "आणि आरोही मैत्रिणींबरोबर चांदवडच्या डोंगरावर गेलीय हो. तुमचा कॅमेरा नेलाय. लेक कुणाची!"

तो वहिनींच्या समोर बसला.

आता हा प्रफुल्ल म्हणजे नाशकातला शिकारी पक्षी ओळखणारा माणूस. कुणी घारीचा फोटो पाठवो, कुणी शिक्र्याचा. पंखांची टोकं आणि शेपटी बघून हा नाव सांगणार. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या! आधी हौस होती, मग सवय झाली, आणि अलीकडे तर नुसती कटकट. रोज वीस-पंचवीस फोटो. शेवटी त्यानं फोनमध्ये एक उत्तर तयारच करून ठेवलं: 'वरची बाजू दिसत नाही. वरून फोटो मिळाला तर सांगता येईल.' फोटो उघडायचाही नाही. ते उत्तर चिकटवायचं आणि कूस बदलायची. कुणी पकडणार नाही याची खात्री होती. उडता पक्षी खालूनच दिसतो, वरून कोण कशाला काढायला जातंय?

शेखर गेला. अंजनेरीच्या कड्यावर, अगदी काठाला. पाय घसरला की काठ ढासळला, देव जाणे. सकाळी नऊला तो खाली सापडला.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यांचा फोन तर फुटला. पण आदल्या संध्याकाळी तुम्हाला फोटो पाठवला होता ना? मला म्हणाले, प्रफुल्लला वरून हवाय. आणि पहाटेच निघाले…" त्या जरा थांबल्या. "कोणता पक्षी होता हो? सासूबाई रोज विचारतात, माझा लेक कशापायी गेला…"

प्रफुल्लनं खिशातून फोन काढला. तो फोटो त्यानं उघडलाच नव्हता. तेव्हा आळसानं, आणि नंतर भीतीनं.

"सांगतो… बघून सांगतो."

शेखरचा शेवटचा निरोप तसाच होता. 'खालून काढलाय. नुसतं पोट दिसतंय. ओळख बघू!' त्याखाली प्रफुल्लचं ते तयार उत्तर. त्यानं फोटोवर अंगठा टेकवला.

फोटो खालून काढलेला नव्हता.

खूप उंचावरून काढलेला होता. मधोमध पंख पसरलेलं गिधाड, त्याच्या पाठीचं पीस न् पीस स्पष्ट. त्याच्याखाली कड्याचा पायथा, आणि खडकावर पालथा पडलेला माणूस. निळा चौकडीचा शर्ट. उजव्या पायात बूट नाही.

त्याच शर्टाखाली हात घालून प्रफुल्लनं त्याला उचललं होतं. तो बूट पुष्कळ शोधूनही मिळाला नव्हता. त्यानं निरोपाची वेळ पाहिली. आदल्या संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तेव्हा शेखर घरात होता, जिवंत होता.

अरे, एकदा तरी उघडला असता! नुसता एकदा!

"कोणता, भाऊजी?" वहिनी पुढे वाकल्या. त्यानं फोन पालथा घातला.

"गिधाड."

"खात्री… की अंदाज?" शेखर नेहमी असंच विचारायचा.

"खात्री."

"बरं झालं. नाव तरी कळलं." डोळ्यांना पदर लावून त्या उठल्या आणि चहा न घेताच गेल्या.

प्रफुल्ल तिथंच बसून राहिला. अंगठा मात्र फोनवर आपोआप फिरत होता. किती नावं, किती न उघडलेले फोटो, आणि प्रत्येकाखाली तेच उत्तर. सगळ्यात वर कालचं नाव होतं. आरोही. रात्री शेजारच्या खोलीतूनच तिनं विचारलं होतं, 'बाबा, मागच्या रविवारी चांदवडला दिसला. कोण हा?' झोपेतच त्यानं उत्तर चिकटवलं होतं. आणि त्यावर तिचं, 'बरं! उद्या वरून काढून आणते.'

"आशा… आरोहीला फोन लाव."

"केव्हाची लावतेय," आशा आतून म्हणाली. "वाजतोय नुसता. उचलत नाही कार्टी."

त्यानं फोटो उघडला.

पक्ष्याच्या पाठीचं पीस न् पीस स्पष्ट दिसत होतं. त्याच्या खाली डोंगराचा काठ, आणि काठावर आरोही. ती अजून उभी होती. तिच्या पायाशी एकच बूट पडला होता, पुरुषाचा, उजव्या पायाचा.