ओठ मिटायच्या जागा

लोक जुन्या डिस्क घेऊन येतात तेव्हा मी आधी माणसाचं तोंड बघत नाही, डिस्कची पाठ बघते. तिथे माणूस जास्त खरा दिसतो. कुणाच्या लग्नावर कपाचा गोल डाग, कुणाच्या सहलीवर तेलकट बोटं. एकीने बाळाच्या पहिल्या पावलांची डिस्क आणली, तिच्यावर शेंबूड वाळलेला. बाळ एव्हाना कॉलेजात. माणसं आठवणी जपतात म्हणतात. जपतात म्हणजे कुठेतरी कोंबून ठेवतात. मी रबरी मोजे घालून आधी सगळ्या डिस्क साबणाने धुते, मगच त्या कॉम्प्युटरवर उतरवते.

दुकानाचा पुढचा भाग नवऱ्याचा. तो पासपोर्टचे फोटो काढतो. पडद्यामागची खोली माझी. पडदा जाड आहे, पण नवऱ्याच्या जेवणाचा आवाज काही त्याने अडत नाही. हा माणूस भाकरीसुद्धा अशी खातो की वाटावं, म्हैस चिखलातून चाललीय. इतकी वर्षं बोलून बोलून मी थकले. तो म्हणतो, "तोंड आहे, वाजणारच."

तर एका दुपारी दोघं भावंडं आली. पुढे मोठा भाऊ, त्यांना मी थोरलेच म्हणते. मागे त्यांची बहीण, हातात पिशवी, नजर खाली. थोरल्यांनी खिशातून डिस्क काढली. कव्हर नाही, कागद नाही. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी ती पुसली, शर्टावर घासली, आणि मग दोन्ही हातांनी, अगदी आदराने माझ्यापुढे धरली.

"बाबांची आहे," म्हणाले.

मी चिमटीत धरली.

"आमचा प्लेअर कधीच भंगारात गेला. शेजारच्या पोराने कॉम्प्युटरवर घेतली, तर सगळा विचका. आवाज आधी येतो, तोंड मागून हलतं. रविवारी काका यायचेत, मॅडम. सगळ्यांसमोर लावायचीय. असं दिसलं तर लोक म्हणतील, बनवाबनवी केली."

"आहे काय तिच्यात?"

"बाबांचा शब्द. घर मला दिलंय."

बहिणीने प्रथमच मान वर केली. "मी नाही ऐकला तो शब्द," ती म्हणाली. "कॅमेरा मीच धरला होता."

"तुझं लक्ष असायचं का?"

"दादा, माझं लक्ष नसतं तर बाबा दोन वर्षं जगले नसते."

मग हळूहळू सगळं कळलं. वडील अंथरुणाला खिळलेले. करणारी ही एकटी: अंघोळ, औषधं, नको ते सगळं. राहायचीही तिथेच, दुसरीकडे जागा नाही. थोरले यायचे सुटीच्या दिवशी, नवा कॅमेरा घेऊन. त्यातच छोटी डिस्क असायची, तिच्यावर थेट रेकॉर्डिंग. कॅमेरा बहिणीच्या हातात द्यायचे आणि चमचा स्वतः घ्यायचे. आपण बापाची केवढी सेवा करतो हे नातेवाइकांना दिसावं म्हणून. बाबांनी घास बाहेर काढला की ओरडायचे, "बंद कर!" बहीण बटण दाबायची. तोंड पुसून झालं की पुन्हा चालू.

"काका म्हणालेत," बहीण म्हणाली, "बाबांनी खरंच तसं म्हटलं असेल तर मी महिनाअखेर घर सोडायचं. तुम्ही फक्त नीट जुळवा. कमी नाही, जास्त नाही."

दोघांनाही तेच हवं होतं. अशी गिऱ्हाइकं क्वचित येतात.

ह्या कामात गूढबिढ काही नसतं. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलं की डिस्कवर सांधा पडतो. कॉम्प्युटरवर उतरवताना त्या सांध्यापाशी आवाजाचा बारीकसा तुकडा गळतो, चित्राचा गळत नाही. मग आवाज पुढे सरकतो. पुढच्या सांध्याला आणखी पुढे. शेवटी शेवटी माणूस शिंकायच्या आधीच शिंक ऐकू येते. उपाय साधा: आवाज चित्रापासून सोडवायचा, प्रत्येक सांध्यापाशी गळाली तेवढी शांतता भरायची, आणि पुन्हा शिवायचं. शिवण बसली की नाही हे बघायला काहीतरी आपटणारं शोधायचं, दार किंवा भांडं. माणूस बोलत असेल तर प, ब, म शोधायचे. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. कुणी कितीही पुटपुटो, तिथे ओठ मिटणारच. मी त्यांना ओठ मिटायच्या जागा म्हणते.

डिस्क धुतली. लावली.

चित्रभर एक तोंड. बहिणीला थोरल्यांनी जवळून घ्यायला सांगितलं असणार. दात नसलेलं, आत ओढलं गेलेलं, कडांना पांढरं सुकलेलं. चमचा यायचा, त्यावर काहीतरी पातळ, राखाडी. ओठ तो पकडायचे, अर्धं आत जायचं, अर्धं हनुवटीवरून खाली. जीभ ते शोधायला बाहेर यायची. चमचा हनुवटी खरवडून तेच पुन्हा तोंडात कोंबायचा. आणि आवाज! हिरड्यांचा तो चिकट, ओला आवाज. मी कशाकशाच्या डिस्क बघितल्यात, पण माझा चहा तसाच राहून गार झाला.

चित्राच्या कडेला थोरले होते. अर्धा चेहरा, कपाटाच्या आरशात दिसणारा. भरवणारा माणूस स्वतःचंही तोंड उघडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. चमचा वर गेला की थोरल्यांचं तोंड उघडायचं, घास आत गेला की मिटायचं. मला हसू आलं. मग लक्षात आलं की कॉम्प्युटरसमोर बसून मीही तेच करतेय. तोंड चटकन मिटलं.

चमचा ताटलीवर आपटायचा, त्यावरून मी एकेक सांधा शिवत गेले. टणक आवाज, टणक चमचा. छान बसत होतं. फक्त तोंडाचा आवाज बसेना. ताटली जुळली की हिरड्या सुटायच्या. म्हाताऱ्याचं तोंड थांबलं तरी चघळणं चालूच. एकाच आवाजातला अर्धा जुळतो आणि अर्धा जुळत नाही, असं कधी होत नाही. मी पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

मग ते वाक्य आलं. म्हातारा आवाज, कफात भिजलेला, पण स्पष्ट.

"माझ्यामागं हे घर थोरल्याचं. पोरीनं आपलं बघावं."

ओठ मिटायच्या जागा भरपूर. मी तोंड बघितलं. ते चमच्याभोवती नुसतं चिकटलेलं. आवाज मागे ओढला, पुढे ढकलला. कुठेच बसेना. ते तोंड काहीही बोलत नव्हतं.

मी नवऱ्याला हाक मारली. तो तोंड पुसत आत आला, दोनदा बघितलं.

"अगं, सोपं आहे. थोरल्यानंच बापाची नक्कल केलीय. बघ, आरशात तोंड हलतंय त्याचं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मी आवाज थोरल्यांच्या ओठांवर लावून बघितला.

बसला. म ला ओठ मिटले, प ला मिटले, ब ला मिटले. शिंप्याने माप घेऊन शिवावं तसा बसला.

"नालायक," मी म्हणाले. "बाप समोर, बहीण कॅमेऱ्यामागे, आणि हा बापाच्या आवाजात घर घेतोय."

"कलाकार आहे," नवरा म्हणाला, आणि राहिलेलं जेवायला गेला.

मला बरं वाटलं. चोर सापडला की बरंच वाटतं. बहिणीला सांगायचं ठरवून मी पुढे बघत राहिले, शिवण तपासायला. आता सगळं जुळत होतं. ताटली, चमचा, खोकला.

चघळणंही.

म्हाताऱ्याच्या तोंडात घास गेला. थोरल्यांचे ओठ मिटले, आणि हिरड्यांचा तो चिकट आवाज त्यांच्या जबड्याबरोबर तंतोतंत सुरू झाला. त्यांचे दात मी पाहिले होते. बत्तीसच्या बत्तीस, घोड्यासारखे. दात असलेल्या तोंडातून तो आवाज निघत नाही. मी आवाज वाढवून ऐकला. घास म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरला, आणि गिळल्याचा आवाज आरशातल्या गळ्याच्या हाडाबरोबर आला.

शेवटच्या तुकड्यात तर पलंग रिकामा होता. गादी गुंडाळलेली. कॅमेरा कुठेतरी ठेवून दिलेला. थोरले खुर्चीत एकटे, हात मांडीवर, समोर ना ताटली ना चमचा. तोंड उघडत होतं, मिटत होतं. ओला आवाज.

मी खिडकी उघडली आणि थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिले.

ठरलेल्या दिवशी दोघं आले. मी फाइल लावली. वाक्य झालं. थोरल्यांनी मान डोलावली.

"बघ! बाबाच बोलतायत."

"बाबांचं तोंड भरलंय," मी म्हणाले. "आरशात बघा, थोरले. बोलणारा कोण आहे?"

बहीण पुढे सरकली. मी पुन्हा लावलं. तिने पाहिलं. ती रडली नाही, चिडली नाही. भावाकडे वळली.

"दादा, म्हणून दाखव. तेच वाक्य."

"वेडी आहेस का तू?"

"म्हण ना. तुझ्या आवाजात."

दुसऱ्यांदा लावून झाल्यावर मी स्पीकरची वायर काढून टाकली होती. का काढली ते मला आजही सांगता येणार नाही.

थोरले हसले. दात दिसले.

"माझ्यामागं हे घर थोरल्याचं. पोरीनं आपलं बघावं."

आवाज म्हाताऱ्याचा होता. खोलीतच होता. थोरले अजून हसत होते.

मग त्यांचं हसू मिटलं.

मग त्यांचे ओठ हलायला लागले.

आवाज नव्हता. नुसते ओठ. मिटले, उघडले, मिटले. माझी नजर ह्याच कामात मुरलेली आहे. त्या वाक्यातली एकही जागा चुकली नाही.

"झालं? पटलं?" असं ऐकू आलं. त्यानंतर त्यांचं तोंड उघडलं आणि ओठ तेवढेच हलले.

त्यांच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळलं. पातळ, राखाडी. त्यांना कळलंही नाही. बहिणीने पिशवीतून रुमाल काढला आणि सवयीने पुसलं.

पैसे मी घेतले नाहीत. त्यांच्या हातची नोट मला नको होती.

बहीण परत आली ती बऱ्याच दिवसांनी. दुपारची वेळ, नवऱ्याने डबा नुकताच बाहेर मांडलेला. ती वाळली होती. मी तिला आत बसवलं.

"त्या रविवारी डिस्क लावावीच लागली नाही," ती म्हणाली. "दादाने नुसतं तोंड उघडलं. काका उठले. म्हणाले, घर पोरीचं, मला पुन्हा बोलावू नका. चपला विसरून गेले."

"म्हणजे सुटलात तुम्ही."

"वहिनी निघून गेली. दादाला कोण ठेवणार? माझ्याकडेच असतो. बाबांच्या खोलीत."

"बरे आहेत का?"

"हाताने खात नाही आता. भरवावं लागतं."

ती सांगत होती तसा तिचा हात आपोआप उठला, चमचा धरल्यासारखा. तोंड जरासं उघडलं.

"घर मला मिळालं," असं ऐकू आलं.

तिचं तोंड अजून उघडंच होतं. मग तिचे ओठ मिटले. म ला. पुन्हा म ला.

मी तिला दारापर्यंत सोडलं, परत येऊन खुर्चीत बसले, कॉम्प्युटर बंद केला. त्या डिस्कसमोर मी किती तास बसले होते, आणि त्यातला किती वेळ माझं तोंड उघडं होतं, ह्याचा हिशेब लागेना.

पडद्यापलीकडे सगळं शांत होतं. नवऱ्याचं जेवण थांबलं होतं.

"अगं," तो म्हणाला, "एकटीच काय खातेयस आत? आणि मला बोलतेस वर! केवढा आवाज तो!"

मी तोंडावर हात ठेवला. ओठ मिटलेले होते.