सुरात लावलेली झडप

दस्तगीरचाचांनी उभी हयात मिरजेत तंबोरे करण्यात घालवली आणि साठी उलटल्यावर नोकरीला लागले ते एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत. समोर भोपळ्याऐवजी काचेचं भांडं, त्यात कोमट खारं पाणी आणि पाण्यात उघडमीट करणारी इवलीशी झडप. बाळाच्याच पेशींपासून वाढवलेली, बाळाबरोबर वाढणारी.

हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचे पडदे बारीक तंतूंनी दोन स्नायूंना बांधलेले असतात. क्वचित एखादं बाळ एकच स्नायू घेऊन जन्मतं. सगळे तंतू तिथंच गोळा होतात आणि झडप धड उघडत नाही. अशा बाळांसाठी ही नवी झडप. तंतू किती ताणायचे ते डॉक्टर ठरवत, पण पाण्यातली त्यांची थरथर कानानं जोखावी ती चाचांनीच.

त्यांनी सुरात लावलेली पहिली झडप मिहिकाला बसवली होती. दर वाढदिवसाला तिची आई पेढे घेऊन यायची आणि चाचा पोरीच्या छातीला कान लावायचे. मंगळवारी ती बालवाडीत खेळता खेळता कोसळली, ती उठलीच नाही. तेव्हापासून चाचांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

डॉ. वैजयंती नेने शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन आल्या. "चाचा, एक तंतू तुटला. प्रत्येक झडपेत एक तंतू मुद्दाम सैल ठेवायचा असतो, तोच. मूल वाढतं तेव्हा त्याला लांबायला जागा लागते."

चाचांना तो तंतू लगेच आठवला. "तो लई बद्द बोलत हुता, मॅडम. मी केसभर ताणला. बेसूर वाद्य आम्ही दुकानाबाहेर काढत न्हाई."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगण्याजोगं काय केलं, असं वाटलंच न्हाई. हात आपसूक गेला. माझ्या हातानं पोर गेली, मॅडम."

डॉक्टरांना रडू फुटलं, पण रडत बसायला सवड नव्हती. चार वर्षांत चाचांनी आणखी बासष्ट झडपा सुरात लावल्या होत्या. ती बासष्ट मुलं आज कुठे कुठे धावत होती, भांडत होती. प्रत्येक झडपेचा शेवटचा आवाज यंत्रात साठवलेला होता. ज्याच्या झडपेत एक तंतू बद्द लागेल ते मूल सुखरूप. बाकीच्यांची छाती पुन्हा उघडावी लागणार.

चाचा कान देऊन बसले. यंत्रावर पहिल्या झडपेचा आवाज लागला. सगळे तंतू गोड, एकजीव. ज्या सुरासाठी जन्मभर जीव टाकला, नेमका तोच सूर. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसरी लागली. तीही गोडच.

"अल्ला, एक तरी बेसूर निघू दे," चाचा पुटपुटले. त्यांचे डोळे वाहू लागले होते.

डॉक्टरांचं बोट बटणावर थबकलं. "चाचा, तिसरी लावू?"